'कटिंग' म्हणजे कर नव्हे

महिन्याच्या सात तारखेच्या आत कामगाराच्या हाती जे पगारपत्रक पडते त्यातील वजावटीच्या साऱ्या रकान्यांना कामगारवस्तीत एकच नाव आहे: कटिंग. भविष्यनिर्वाह निधी असो, राज्य विमा असो वा व्यवसाय कर. जे हातात पडले नाही ते सरकारने नेले, अशी समजूत रूढ आहे. ही समजूत मालकवर्गाच्या पथ्यावर पडणारी आहे. ती दूर करण्याऐवजी काही कार्यकर्तेच द्वारसभांतून 'कटिंग कमी करा' अशी मागणी करू लागले आहेत, ही चिंतेची बाब होय.

मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून १४,००० रुपये मिळविणारा एखादा पुरुष सुरक्षारक्षक घ्यावा. निधीसाठी १२ टक्के म्हणजे १,६८० रुपये, राज्य विम्यासाठी पाऊण टक्का म्हणजे १०५ रुपये आणि व्यवसाय करापोटी २०० रुपये वजा होऊन त्याच्या हाती १२,०१५ रुपये पडतात. गेलेल्या १,९८५ रुपयांत कर आहे तो केवळ २०० रुपयांचा. १,६८० रुपये हे त्याचेच, उशिरा मिळावयाचे वेतन आहे आणि तेवढीच रक्कम मालकाने पदरची घालावयाची आहे. विम्याच्या १०५ रुपयांसोबत मालकाने सव्वातीन टक्के म्हणजे ४५५ रुपये भरावयाचे आहेत. ही 'कटिंग' उद्या रद्द झाली, तर रक्षकाच्या हाती १,७८५ रुपये अधिक येतील आणि मालकाचे २,१३५ रुपये वाचतील. मागणी कोणाची आणि लाभ कोणाचा, हे यावरून उघड व्हावे.

अर्थात हा कागदावरचा हिशेब झाला. ठेकेदारीच्या दुनियेत मालकाचा वाटाही कामगाराच्याच पगारातून कापला जातो. वरील रक्षकाच्या बाबतीत असे केल्यास त्याच्या हाती ९,८८० रुपये उरतात. १९५२ च्या भविष्यनिर्वाह निधी कायद्याच्या कलम १२ ने, निधीचा भार पडतो म्हणून वेतन घटविण्यास मालकास मनाई केली. पांढरपेशा नोकऱ्यांत तीच गोष्ट सभ्यपणे घडते. 'कंपनीला पडणारी एकूण किंमत' नावाचा आकडा उमेदवारापुढे ठेवायचा आणि त्यातच मालकाचा वाटा मोजायचा. जबाबदारी मालकाची, आणि ती दिसते मात्र नोकराच्या 'पॅकेज'मध्ये!

दुसरी युक्ती भत्त्यांची. मूळ वेतन किरकोळ दाखवून बाकीची रक्कम नाना भत्त्यांत विभागली की निधीचा वाटा आपोआप आकसतो. सरसकट सर्वांना मिळणारे भत्ते मूळ वेतनाचाच भाग होत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २८ फेब्रुवारी २०१९ रोजी दिला. नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या वेतन संहितेनेही वगळलेले भत्ते निम्म्याहून अधिक झाल्यास वरची रक्कम वेतनात धरावी, असे ठरविले. या संहितांतील कामगारविरोधी तरतुदींशी लढावेच लागेल. परंतु 'हातात पडणारा पगार घटणार' म्हणून जी ओरड झाली तिच्यात कामगाराच्या नावाने अश्रू ढाळणारे कोण होते, हे ध्यानात ठेवणे बरे.

निधीचे समर्थन म्हणजे निधीच्या कारभाराचे समर्थन नव्हे. मालकाच्या वाट्यातील ८.३३ टक्के निवृत्तिवेतन योजनेकडे वळतात, आणि त्या योजनेचे किमान निवृत्तिवेतन २०१४ साली ठरले ते दरमहा १,००० रुपये. शिवाय कापलेली रक्कम खात्यात न भरणारे मालक आहेतच. हा गुन्हेगारी विश्वासघात आहे, हिशेबातील ढिलाई नव्हे. पासबुकातील नोंद दर महिन्याला तपासून पाहण्याची सवय संघटनेने सभासदांना लावली, तर निम्मी चोरी वेळीच उघडकीस येईल.

आता त्या २०० रुपयांकडे वळावे. रक्कम लहान, पण कराचा खरा अन्याय तिच्यातच आहे. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रात रोजगार हमी योजना उभी राहिली आणि तिच्या खर्चासाठी १९७५ च्या कायद्याने व्यवसाय कर आला. शहरातील पगारदाराने कोरडवाहू गावातील मजुराच्या हाताला काम मिळावे म्हणून आपला वाटा उचलावा, या तत्त्वाशी कोणाही समाजवाद्याचे भांडण असू शकत नाही. भांडण आहे ते वाटणीशी. दरमहा १०,००० रुपयांवर वेतन गेले की पुरुष कामगारास अकरा महिने २०० आणि फेब्रुवारीत ३०० असे वर्षाला २,५०० रुपये द्यावे लागतात. किमान वेतनावर राबणारा बहुतेक प्रत्येक पुरुष या टप्प्यात येतो. दरमहा ५ लाख घेणारा संचालकही २,५०० रुपयेच भरतो. रक्षक शंभर रुपयांमागे दीड रुपया देतो, संचालक चार पैसे!

या पार्श्वभूमीवर दिल्लीचे औदार्य पाहण्यासारखे आहे. २०१९ साली कंपन्यांच्या आयकराचा मूळ दर ३० वरून २२ टक्क्यांवर आणण्याची मुभा दिली गेली. २०२५-२६ पासून नव्या पद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर आयकर नाही. मध्यमवर्गीयास सवलत मिळाली याचे दुःख नाही. पण वर्षाला ११ लाख मिळविणारा आयकरातून मुक्त आणि १ लाख ६८ हजारवाला व्यवसाय कराच्या कमाल टप्प्यात, ही कोणती न्यायबुद्धी?

'अडीच हजारांचा एवढा बाऊ कशाला', असे विचारणारे भेटतील. त्या रक्षकाची ती पाच दिवसांची मजुरी आहे. तिजोरीचे काय, असेही विचारले जाईल. त्याचे उत्तर शासनानेच देऊन ठेवले आहे: एप्रिल २०२३ पासून २५,००० रुपयांपर्यंत वेतन घेणाऱ्या स्त्रियांना हा कर माफ झाला, आणि तिजोरी काही बुडाली नाही. तीच मर्यादा सर्व कामगारांना लावावी, ही मागणी राज्याच्या अधिकारातली आहे. वरच्या टोकाला मात्र राज्याचे हात बांधलेले आहेत. कारण संविधानाच्या अनुच्छेद २७६ ने एका व्यक्तीकडून वर्षाला २,५०० रुपयांहून अधिक व्यवसाय कर घेण्यास मज्जाव केला आहे. ही मर्यादा पूर्वी २५० रुपये होती. १९८८ च्या ६० व्या घटनादुरुस्तीने ती दसपट केली. तेव्हा जे शक्य झाले ते पुन्हा का होऊ नये, हा प्रश्न राज्यातील खासदारांना त्यांच्या मतदारसंघातच, आणि तोही अर्थसंकल्पी अधिवेशनापूर्वी, विचारला गेला पाहिजे.