वाऱ्याला ढकलणाऱ्या लाटा

‘वारा म्हणजे काय?’ या प्रश्नाचे उत्तर ठरलेले असते: हवा जास्त दाबाकडून कमी दाबाकडे वाहते, तिलाच वारा म्हणतात. वसई-विरारच्या मुलांना हे उत्तर अनुभवानेही पटते. दुपारी जमीन तापते आणि समुद्रावरून गार वारा सुटतो. रात्री जमीन निवली की तो उलट फिरतो. उत्तर बरोबर आहे, पण अपुरे आहे. शाळेत ते अपुरेच राहू नये, असे माझे मत आहे.

याचे कारण विषुववृत्तावरच्या आकाशात आहे. ऑगस्ट १८८३ मध्ये क्राकाटोआ ज्वालामुखीचा स्फोट झाला. त्याची धूळ उंच हवेत पश्चिमेकडे सरकत सुमारे दोन आठवड्यांत पृथ्वीभोवती फिरून आली. तेव्हा तेथे कायम पूर्वेकडून वारा वाहतो, असे मानले गेले. पण १९०८ मध्ये बेर्सोन या जर्मन शास्त्रज्ञाने पूर्व आफ्रिकेतून फुगे सोडले, तर उंचावर पश्चिमेकडून येणारा वारा सापडला! खरे कोणते? दोन्ही. १९६०-६१ च्या सुमारास अमेरिकेत रीड यांनी आणि इंग्लंडमध्ये एब्डन यांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, फुग्यांच्या अनेक वर्षांच्या नोंदी तपासल्या. विषुववृत्तावर स्थितांबरातला वारा काही महिने पूर्वेकडून, मग काही महिने पश्चिमेकडून वाहतो. एक पूर्ण आवर्तन सरासरी २८ महिन्यांचे असते. प्रत्येक नवी दिशा वर उंचावर सुरू होते आणि महिन्याला सुमारे एक किलोमीटर या गतीने खाली उतरते.

आता हा वारा पाठ्यपुस्तकातल्या उत्तराने समजावून सांगून पाहा. सूर्याचे चक्र बारा महिन्यांचे. २८ चा आकडा त्यात बसत नाही. दाबाचा फरक म्हणावा, तर वारा संपूर्ण पृथ्वीला वळसा घालतो. पूर्ण वळशात दाब सतत कमी होत जाणे शक्य नाही, कारण वळसा संपतो तेव्हा आपण आरंभीच्याच दाबाशी येऊन पोचतो. आणखी एक अडचण आहे. विषुववृत्तावरची जमीन पृथ्वीच्या अक्षापासून सर्वांत दूर, म्हणून सर्वांत वेगाने, ताशी सुमारे १,६७० किलोमीटरने, पूर्वेकडे फिरते. उत्तरेकडून वा दक्षिणेकडून आलेली हवा तेथे मागेच पडणार. मग जमिनीलाही मागे टाकून पूर्वेकडे धावणाऱ्या वाऱ्याला ढकलले कोणी?

उत्तर आहे: लाटांनी. अर्नाळ्याच्या किंवा कळंबच्या किनाऱ्यावर उभे राहून पाहा. लाटा किनाऱ्याला तिरप्या येऊन फुटत असल्या, की काठालगतचा फेस हळूहळू एका बाजूला सरकत जातो. दूर समुद्रात वाऱ्याने दिलेला संवेग लाट घेऊन येते आणि जेथे फुटते तेथे तो पाण्याला देऊन टाकते. त्यातून किनाऱ्याला समांतर प्रवाह सुरू होतो. हवेतही असेच घडते. उष्ण कटिबंधातील मोठे गडगडाटी ढग हवेला खालून हादरे देतात. त्यातून निघालेल्या लाटा वर चढतात. काही पूर्वेकडे सरकणाऱ्या, काही पश्चिमेकडे. वाटेत एखाद्या थरातला वारा लाटेच्याच दिशेने आणि तिच्याच वेगाने वाहत असला, तर तिला पुढे चढता येत नाही. ती तेथे विरते आणि आपला संवेग त्या थराला देते. त्यामुळे वाऱ्याच्या पट्ट्याची खालची कड आणखी खाली येते. एका दिशेच्या लाटा अशा अडल्या, की विरुद्ध दिशेच्या लाटांना वाट मोकळी मिळते. त्या वर जाऊन उलटा वारा उभा करतात. लिंडझेन आणि होल्टन यांनी १९६८ मध्ये ही कल्पना मांडली. १९७८ मध्ये प्लंब आणि मॅकइवन यांनी कड्याच्या आकाराच्या टाकीत, खाली जास्त व वर कमी खारट पाणी भरून, तळाचा रबरी पडदा नुसता खालीवर हलवला. पाणी गोल फिरू लागले आणि ठरावीक काळाने दिशा बदलू लागले! पाण्याला कोणी ढवळले नव्हते.

वसई विषुववृत्तापासून १९ अंशांवर आहे. २८ महिन्यांचे ते चक्र येथे क्षीण असते. पण लाटांचा हा नियम आपल्याही डोक्यावर चालतो. जुलैत पाऊस उघडला की वर पाहा. खालचे ढग समुद्राकडून तुंगारेश्वराच्या डोंगराकडे जातात, तर खूप उंचावरचे पिसांसारखे ढग उलट समुद्राकडे. सह्याद्रीवर आदळणाऱ्या वाऱ्यातून उठणाऱ्या लाटा डोंगराशीच खिळलेल्या असतात. म्हणून वाऱ्याची दिशा जेथे पालटते, तेथे त्या अडतात. ढगांतून उठलेल्या वेगवान लाटा मात्र पार जातात. भारतीय भूचुंबकत्व संस्थेने कोल्हापूरला रडार बसवून ८० ते १०० किलोमीटर उंचीवरचे वारे मोजले. तेथील विरळ हवेत खालून आलेल्या लाटा खूप मोठ्या होऊन फुटतात.

काही शिक्षक म्हणतील, हे शाळेला जड आहे. मला तसे वाटत नाही. समीकरणे महाविद्यालयासाठी ठेवावीत. संवेग मुले विज्ञानाच्या तासाला शिकतात, वारे भूगोलाच्या तासाला. या दोघांची गाठ कधी पडत नाही, खरी उणीव तेथे आहे. ती एका तासात भरून निघेल. दाबाचे उत्तर काढून टाकू नये. त्याच्या शेजारी ‘लाटाही वारा ढकलतात’ एवढे एक वाक्य लिहावे. जो विद्यार्थी ‘मग वारा उलटा का फिरतो?’ असे विचारतो, त्याला निदान पुढचे दार दिसेल.

हे दार अजून पुरते उघडलेलेही नाही. १९५३ पासून नियमित नोंदल्या गेलेल्या त्या २८ महिन्यांच्या चक्राची लय २०१६ च्या आरंभी प्रथमच मोडली. उत्तर गोलार्धातून आलेल्या लाटांनी पश्चिमेच्या वाऱ्यात मधोमध पूर्वेचा वारा घुसवला. संगणकी अंदाजांना त्याची चाहूल लागली नव्हती. २०२० च्या सुमारास पुन्हा तसेच घडले. असा बदल आधी ओळखता यावा, हे काम तुमच्या पिढीसाठी शिल्लक आहे. ते करायला निघणाऱ्याला वाऱ्याची व्याख्या तरी पूर्ण ठाऊक असायला हवी.