लहान रणगाडा आणि खोटा गंज

प्रतिकृति जितकी गंजलेली, तितकी ती खरी, असा आपल्यांतील कित्येक हौशी विद्यार्थ्यांचा समज झालेला दिसतो. तो मला मान्य नाहीं. ता. १५ सप्टेंबर १९१६ रोजीं सोमच्या रणभूमीवर प्रथम उतरलेले ब्रिटिशांचे ‘मार्क वन’ रणगाडे त्याच वर्षीं बांधलेले होते. त्यांच्या रंगविलेल्या पत्र्यास गंज चढावयास अवकाश कोठें होता? चित्रकार सॉलोमन यांनीं योजिलेले रंगीबेरंगी पट्टे झांकले ते चिखलानें. आंत आठ माणसें धुरांत व उष्म्यांत कोंडलेलीं असत. त्यांचें वाहन भंगार म्हणून दाखविणें मला तरी रुचत नाहीं. गंज हवाच असेल तर तो उघड्या पोलादी साखळपट्ट्यांवर किंचित् द्यावा. हे साखळपट्टे छतावरूनही फिरत. सबब चिखल वरही हवा, आणि नेमका तोच बहुतेक जण विसरतात.