भिजत घोंगडे आणि सायकलस्वाराचा स्वेटशर्ट

आजच्या धाग्यात ना लढाईचा नकाशा आहे, ना शिलालेखाचा ठसा. आज लिहायचे आहे ते सायकलवरून उतरल्यावर आपण अंगात घालतो त्या स्वेटशर्टाविषयी. हसू नका. वस्त्रांनाही इतिहास असतो, आणि तो ठाऊक नसला की काय होते हे आमच्या मंडळींनी स्वतःच्या अंगावर अनुभवले आहे.

१६२४ साली मलिक अंबराने शहाजीराजे, शरीफजीराजे आदी सरदारांसह मोगल आणि आदिलशाही यांच्या संयुक्त फौजेला भातवडी येथे धूळ चारली. शरीफजीराजे याच रणात पडले. २०२४ मध्ये या घटनेला ४०० वर्षे झाली, म्हणून आम्ही काही मित्र त्या हिवाळ्यात नगरहून (कागदोपत्री आता अहिल्यानगर, जिभेवर अजून नगरच) पहाटे सायकलने भातवडीला गेलो. त्याआधी मोठ्या हौसेने सर्वांसाठी एकसारखे स्वेटशर्ट करून घेतले. पाठीवर ‘भातवडी १६२४’, छातीवर शिवरायांची राजमुद्रा.

जाणकारांच्या भुवया येथेच उंचावल्या असतील. शिवरायांचा जन्म १६३०चा. जन्मापूर्वीच्या लढाईवर त्यांची मुद्रा उमटवणे हा कालविपर्यास, आणि तोही इतिहासप्रेमी म्हणवणाऱ्यांकडून! पण ती आमची पहिली चूक होती, मोठी नव्हे.

मोठी चूक कापडाची. निवड करताना आम्ही दोनच गोष्टी विचारल्या : रंग कोणता आणि नग केवढ्याला. पदरी पडले ते आतून लव काढलेले पातळ पॉलिएस्टर. त्यावर रबरी छपाईचा जाड थर. ते अंगात घालूनच आम्ही निघालो. चढावर घामाच्या धारा लागल्या, छातीवरच्या छपाईतून वारा आत शिरेना, आणि उतारावर पहाटेचा गारठा लागताच सगळे कुडकुडू लागले. चौथ्या धुण्याला मुद्रेला भेगा पडल्या. होळीच्या सुमारास एका मित्राच्या घरी गेलो, तर तो सायकलची साखळी पुसत होता. हातातली काळीकुट्ट चिंधी उलगडून पाहिली. तिच्यावर मुद्रेची अर्धी ओळ शिल्लक होती.

छापणाऱ्याचा यात काहीच दोष नाही. आम्ही मागितले तेच त्याने दिले. माझे मत स्पष्ट आहे : मुद्रेची अप्रतिष्ठा त्या चिंधीत झाली नाही, चार महिने न टिकणाऱ्या कापडावर ती छापायची ठरली, त्याच दिवशी झाली.

आता थोडे मागे जाऊ. आपला जिल्हा बहुतांशी पर्जन्यछायेतला. येथल्या माळरानांवर धनगरांनी पिढ्यान्‌पिढ्या दख्खनी मेंढी राखली. तिची लोकर राठ, आखूड, बहुधा काळी. त्या लोकरीचे सूत काढायचे, सणगरांनी ते मागावर विणायचे, चिंचोक्याची खळ द्यायची, की घोंगडी तयार. हे एकच वस्त्र अंथरूण होई, पांघरूण होई आणि पावसात दुमडून डोक्यावर घेतले की त्याची खोळ होई. ज्याला आपण आज हुडी म्हणून मिरवतो, त्या टोपीचे काम आपल्याकडची खोळ फार पूर्वीपासून करीत आली आहे. ज्यांचे नाव जिल्ह्याला मिळाले त्या अहिल्यादेवींचा जन्म १७२५ मध्ये जामखेड तालुक्यातील चौंडीला, धनगर कुटुंबातच झाला. महेश्वरच्या हातमागांची भरभराटही त्यांच्याच आश्रयाने झाली. वस्त्राचा विचार या जिल्ह्याला परका नाही, एवढेच सांगायचे आहे.

घोंगडी वापरणाऱ्याला तिचे नियम कोणी छापून दिले नव्हते. ती वारंवार धुवायची नाही. झटकायची, उन्हात टाकायची, कसर लागू नये म्हणून घडीत कडुनिंबाचा पाला ठेवायचा. आणि ओली झाली तर तशीच गोळा करून ठेवायची नाही. भिजलेले घोंगडे जड होते, लवकर वाळत नाही, कुबट वास धरते. निकालात न निघणाऱ्या प्रकरणाला आपण ‘भिजत घोंगडे’ म्हणतो, त्यामागे हाच रोकडा अनुभव आहे.

मग सायकलस्वाराने घोंगडी पांघरावी काय? मुळीच नाही. गतकाळाचे गोडवे गाण्यासाठी हा धागा नाही. राठ लोकर उघड्या त्वचेला टोचते, आणि स्वेटशर्टाचा जन्म नेमका याच टोचण्यातून झाला आहे.

गोष्ट अमेरिकेतील अलाबामा राज्यातली. १९२०च्या दशकात तेथील विद्यापीठाचे फुटबॉल खेळाडू लोकरीच्या जर्सी घालून सराव करीत. त्या घामाने अंगाला खाजत. बेंजामिन रसेल या गिरणीमालकाचा मुलगा त्याच संघात होता. त्याने वडिलांना सुचवले, की तुमच्या गिरणीत विणलेल्या सुती कापडाचे अंतर्वस्त्र बनते, तेच कापड जाड करून सैल सदरा का शिवू नये? सामान्यतः १९२६ हे साल सांगितले जाते. नावातच घाम आहे, कारण हे वस्त्र घाम टिपण्यासाठीच अवतरले. जुन्या धाटणीच्या स्वेटशर्टाच्या गळ्याखाली एक छोटा त्रिकोण दिसतो. आज तो निव्वळ शोभेचा असतो. मुळात मानेवरून ओघळणारा घाम टिपायला आणि गळा ताणला तरी फाटू नये म्हणून तेथे ताणाच्या विणीचा तुकडा जोडलेला असे.

सायकलस्वारांनी मात्र लोकर सहजी सोडली नाही. ‘टूर द फ्रान्स’मध्ये आघाडीवीराला पिवळी जर्सी मिळते. १९४८ मध्ये लुईसाँ बोबे या फ्रेंच वीराने कृत्रिम धाग्याची पिवळी जर्सी घालायला साफ नकार दिला. धुळीत, उन्हात घाम गाळणाऱ्याला शुद्ध लोकरच हितावह, असा त्याचा हट्ट. आयोजकांची पंचाईत झाली आणि त्याच्यासाठी लोकरीची जर्सी करवून घ्यावी लागली. हट्ट अगदीच वेडगळ नव्हता. लोकर पुष्कळ ओल पोटात घेऊनही ऊब टिकवते. सुताचे तसे नाही. सूत पाणी पिते आणि धरून ठेवते.

आमच्या फजितीचे उत्तर येथेच आहे. सुती स्वेटशर्ट हे स्वारीचे वस्त्र नव्हे, विसाव्याचे आहे. सायकलवर पातळ, लवकर वाळणारी जर्सी घालावी. वारा फार असेल तर वर एखादे विंडचीटर. स्वेटशर्ट घडी करून पिशवीत ठेवावा. चांदबिबी महालाच्या डोंगरावर पोहोचलात (सलाबतखानाची कबर म्हणा हवे तर, तेच खरे नाव), सायकल टेकवलीत, की आधी ओली जर्सी काढा, अंग पुसा, आणि मगच स्वेटशर्ट चढवा. ओल्या जर्सीवर तो चढवणे म्हणजे स्वतःच्या अंगावर भिजत घोंगडे घेणे. घाम वाळताना अंगातील उष्णता ओढून नेतो, आणि डोंगरावरचा वारा ते काम अधिकच वेगाने करतो.

निवडीविषयी. आतल्या बाजूने बारीक फास असलेले, टॉवेलची आठवण करून देणारे कापड घ्यावे. बाजारात त्याला फ्रेंच टेरी किंवा लूपनिट म्हणतात. आतून लव काढलेले कापड पहिल्या हिवाळ्यात मऊ वाटते, पण लव गळते, तिच्या गोळ्या होतात. वजन पाहावे. साध्या टी-शर्टाचे कापड साधारण १८० जीएसएम असते. नगरच्या थंडीला २८० ते ३२०चा स्वेटशर्ट मला पुरतो. पहाटे पारा एक आकडी झाला तरी नऊनंतर ऊन तापतेच, त्यामुळे याहून जाड घेतला तर तो दिवसभर पिशवीतच राहील. सूत बहुतांशी असावे. आकार टिकावा म्हणून थोडे पॉलिएस्टर मिसळलेले असेल तर माझी हरकत नाही. मनगटाची आणि कमरेची पट्टी ओढून पाहावी. सोडल्यावर ती लगेच पूर्ववत झाली पाहिजे.

आणि बाही रॅग्लान धाटणीची असावी. ही बाही गळ्यापासून तिरपी निघते, खांद्यावर शिवण येत नाही. सायकलस्वाराचे हात सदैव पुढे असतात, पाठीवर बहुधा पिशवी असते. पट्ट्याखाली शिवण रुतत नाही हा तिचा मोठा गुण. हे नाव आले लॉर्ड रॅग्लान यांच्यावरून. वॉटर्लूच्या रणात १८१५ मध्ये त्यांनी उजवा हात गमावला होता; पुढे क्रिमियाच्या युद्धात ते ब्रिटिश सेनापती होते. त्याच युद्धातले लॉर्ड कार्डिगन स्वेटरला नाव देऊन गेले आणि बालाक्लावा हे गाव कानटोपीला. एका युद्धाने जगाला हिवाळी कपड्यांची एवढी नावे द्यावीत, हे मला नेहमीच मजेशीर वाटत आले आहे.

छपाईबद्दल माझा आग्रह असा, की छातीभर रबर नको. छोटे भरतकाम करावे, किंवा कापडात मुरणाऱ्या शाईने दोन-तीन शब्द छापावेत. आणि राजमुद्रा नकोच. जे वस्त्र घामाने भिजणार, जमिनीवर अंथरले जाणार, त्याच्यावर ती शोभत नाही. ‘भातवडी १६२४’ एवढे पुरेसे आहे. पाहणाऱ्याने विचारले तर सांगायला तोंड आहे.

आता निगा. प्रत्येक फेरीनंतर धुण्याची गरज नाही. कोरड्या अंगावर घातला असेल तर झटकून वाऱ्यावर टाकावा. तीन-चार वेळा वापरून मग धुवावा. धुताना उलटा करावा, थंड पाणी, सौम्य साबण, ब्रश वर्ज्य. बोअरचे पाणी जड असेल तर एक खळबळ जास्त काढावी, नाहीतर साबण कापडात राहतो आणि ते कडक होते. कपडे मऊ करणारे सुगंधी द्रावण टाकू नये. त्याने सुताचा घाम टिपण्याचा गुणच कमी होतो. पिळताना मुरगळू नये, दाबून पाणी काढावे. ओला स्वेटशर्ट हँगरला टांगला की स्वतःच्या भाराने लांबतो, म्हणून दोरीवर मधोमध घडी पडेल असा टाकावा, सावलीत. आटणे हा सुती विणीचा जुना रोग आहे. कापड विशेषतः लांबीत आखडते, म्हणून १९३०च्या दशकात चॅम्पियन या अमेरिकी कंपनीने कापड आडवे फिरवून कापण्याची युक्ती काढली आणि तिचे पेटंट घेतले. आपण गरम पाणी टाळले तरी पुष्कळ झाले.

साखळीचे काळे वंगण लागले तर घाईने पाणी लावू नका. आधी कोरड्या कागदाने टिपा, मग भांडी घासण्याचे द्रव साबण बोटाने चोळून पंधरा-वीस मिनिटे ठेवा आणि थंड पाण्याने धुवा. डाग पूर्ण जाईपर्यंत इस्त्री नाही. उष्णतेने तो कायमचा बसतो. आणि घरी परतल्यावर स्वेटशर्ट पिशवीतून त्याच दिवशी बाहेर काढा. हा नियम मी सर्वांत जास्त वेळा मोडला आहे.

यंदा आम्ही पुन्हा स्वेटशर्ट करवून घेतले. संख्या निम्मी झाली, कारण किंमत जवळजवळ दुप्पट होती. काही मित्र रुसले. ‘इतिहासाच्या ग्रुपमध्ये कापडाची चर्चा कशाला?’ असे एकाने विचारलेही. त्याला उत्तर म्हणून हा धागा लिहायला घेतला. तोच मित्र येत्या रविवारी भातवडीला येणार आहे, जुना पॉलिएस्टरचा घालून. मी माझ्या पिशवीत एक जादा ठेवला आहे.