पडद्यासमोर आपली माणसे

उपनगरातील एका महिला मंडळाच्या भगिनींनी आम्हांला विचारले आहे, की येत्या ११ जुलैला, रमाबाई नगरच्या शहिदांच्या स्मृतिदिनी, विहारात ‘जयभीम कॉम्रेड’ हा माहितीपट दाखवायचे घाटते आहे. पण मंडळात दोन तट पडले आहेत. एका गटाचे म्हणणे असे की, मुलांना आपला इतिहास कळलाच पाहिजे. दुसऱ्या गटाचे म्हणणे, रक्त आणि आक्रोश लहान लेकरांनी का पाहावा? त्यात भर म्हणून विहार समितीतील काही ज्येष्ठ पुरुषांनी तिसराच मुद्दा काढला आहे. ज्याच्या नावातच ‘कॉम्रेड’ आहे तो चित्रपट बुद्धमूर्तीसमोर कशाला?

प्रश्न एका मंडळाचा असला तरी तो अनेक वस्त्यांत विचारला जातो. आम्ही हा माहितीपट विहारात पाहिला, चाळीच्या चौकात पाहिला आणि महाविद्यालयाच्या सभागृहातही पाहिला. पडद्यावरचे चित्र सगळीकडे तेच होते. समोर बसलेल्या माणसांची तऱ्हा मात्र दर ठिकाणी निराळी होती. त्याविषयीच आज लिहावे असे वाटते.

ज्यांचा जन्म नंतरचा आहे त्यांच्यासाठी हकीकत थोडक्यात सांगतो. ११ जुलै १९९७ च्या सकाळी घाटकोपर पूर्वेच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला आढळला. संतापलेले लोक लगतच्या पूर्व द्रुतगती महामार्गावर आले. राज्य राखीव पोलीस दलाच्या तुकडीने गोळीबार केला. १० माणसे ठार झाली, २६ जखमी झाली. जमाव गॅसचे टँकर पेटवणार होता, असे पोलिसांचे म्हणणे होते. न्यायमूर्ती गुंडेवार आयोगाने ते मानले नाही आणि गोळीबार असमर्थनीय ठरवला. गोळीबाराचा हुकूम देणारे उपनिरीक्षक मनोहर कदम यांना मे २००९ मध्ये सत्र न्यायालयाने जन्मठेप सुनावली, आणि लगोलग उच्च न्यायालयातून त्यांना जामीनही मिळाला. गोळीबारानंतर काही दिवसांतच मुलुंडच्या झोपडपट्टीत राहणारे शाहीर विलास घोगरे यांनी गळफास घेतला. आयुष्यभर लाल झेंड्याखाली गायलेल्या या शाहिराने अखेरच्या क्षणी डोक्याला निळे फडके बांधले होते. आनंद पटवर्धन यांच्या १९८५ च्या ‘हमारा शहर’ या माहितीपटात घोगरे गायले होते. आपला शाहीर असा का गेला, या प्रश्नापाशी पटवर्धनांनी कॅमेरा सुरू केला आणि पुढे १४ वर्षे तो चालू राहिला. त्यातून तीन तासांचा हा माहितीपट २०११ मध्ये पुरा झाला. २०१२ च्या आरंभी भायखळ्याच्या बी.आय.टी. चाळीत तो उघड्यावर दाखवला गेला. ज्यांची कथा, त्यांच्याच दारात.

आता प्रेक्षकांकडे वळू. विहारात पहिली गोष्ट ध्यानात येते ती ही की, आपले लोक हा माहितीपट गप्प बसून पाहत नाहीत. शाहिरी सुरू झाली की टाळ्यांचा ठेका सुरू होतो. संभाजी भगत उभे राहिले की मागच्या रांगेतली पोरे पुढे सरकतात. कबीर कला मंचाच्या शीतल साठे गाऊ लागल्या की बायका डोक्यावरचा पदर सावरून सरळ बसतात. बाहेरच्या एका पाहुण्यांना याचे नवल वाटले. एवढा दुःखाचा विषय आणि लोक टाळ्या कसे वाजवतात, असे त्यांनी आम्हांला विचारले. त्यांना काय सांगावे? आमच्याकडे शोकसभेतही गायन पार्टी असते आणि कव्वालीच्या सामन्यात बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणाचे गाणे झाले की मंडपातले सगळे रडतात. आपल्या समाजाला वर्तमानपत्रापेक्षा गाण्याने जास्त शिकवले. ते ओळखूनच पटवर्धनांनी या माहितीपटात गाण्यांना एवढी जागा दिली असावी.

टँकरच्या प्रसंगाला मात्र चिडीचूप होते. टँकर कोठे होते, गोळ्या कोठे झाडल्या गेल्या आणि माणसे कोठे पडली हे पडद्यावर दाखवले जाते तेव्हा सरकारी कागदावरची गोष्ट उघडी पडते. एका ठिकाणी चित्रपट संपल्यावर एक ड्रायव्हरदादा उठले. ते भाषण करणारे गृहस्थ नव्हेत. “मी बावीस वर्षे अवजड गाडी चालवतो,” एवढे म्हणून त्यांनी रस्त्याचा तो तुकडा, वळण, अंतर, गाडी थांबायला लागणारी जागा असे सारे हातवारे करून समजावून दिले. आयोगाचा अहवाल आमच्यापैकी कितीजणांनी वाचला असेल? त्या दिवशी तो पन्नास माणसांना समजला.

महाविद्यालयाच्या सभागृहातला अनुभव वेगळा. माहितीपटात शहरातली सुशिक्षित माणसे आरक्षणाविषयी आणि ६ डिसेंबरला दादरला येणाऱ्या गर्दीविषयी मनमोकळे बोलतात. सभागृहात त्या वेळी अवघडलेली शांतता पसरली, कोणी सुस्कारा सोडला, आणि नंतर चर्चेत “आम्हांला हे ठाऊकच नव्हते” हे वाक्य तीन-चार वेळा ऐकू आले. त्याच जागी विहारात लोक खो-खो हसले होते. रोज कचेरीत, रेल्वेच्या डब्यात, घरमालकाच्या तोंडून जे ऐकतो तेच पडद्यावर ऐकून हसू येणारच. ज्यांना ठाऊक नव्हते त्यांच्याविषयी आमच्या मनात राग नाही. पण घाटकोपर काही दूर देशी नाही, आणि १९९७ साली वर्तमानपत्रे त्यांच्याही घरी येत होती.

सगळेच प्रेक्षक असे सभ्य नसतात. ऑगस्ट २०१३ मध्ये, डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची हत्या होऊन एक-दोन दिवस होत नाहीत तोच, पुण्यात हा माहितीपट आणि कबीर कला मंचाचा कार्यक्रम झाल्यावर फिल्म इन्स्टिट्यूटच्या विद्यार्थ्यांना मारहाण झाली. एका विद्यार्थी संघटनेच्या कार्यकर्त्यांवर तसा आरोप झाला. त्याआधी एप्रिल २०१३ मध्ये शीतल साठे आणि सचिन माळी यांनी विधान भवनासमोर येऊन स्वतःला अटक करवून घेतली होती. सचिन माळी यांना जामीन मिळायला २०१७ साल उजाडले. ज्या माहितीपटाला राष्ट्रीय पुरस्कार दिला, त्यातलेच गाणारे तुरुंगात. हा हिशेब आम्हांला अद्याप जुळवता आलेला नाही.

आता समितीतील ज्येष्ठांचा मुद्दा. तो आम्ही हसण्यावारी नेणार नाही, कारण त्यामागे जुनी जखम आहे. १९५२ च्या निवडणुकीत उत्तर मुंबईतून बाबासाहेब पराभूत झाले, तेव्हा मते बाद करण्याच्या प्रचाराबद्दल डांगे यांच्याविरुद्ध त्यांनी निवडणूक अर्ज दाखल केला होता. हे विसरायला कोणी सांगू नये. परंतु त्याच बाबासाहेबांनी १९३६ मध्ये स्वतंत्र मजूर पक्ष काढला, जानेवारी १९३८ मध्ये खोतीविरुद्ध शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत आणला आणि ७ नोव्हेंबर १९३८ चा कामगारांचा संप कम्युनिस्टांच्या बरोबरीने केला, हेही विसरू नये. नोव्हेंबर १९५६ मध्ये, महापरिनिर्वाणाच्या जेमतेम पंधरा दिवस आधी, काठमांडूच्या जागतिक बौद्ध परिषदेत ते बुद्ध आणि कार्ल मार्क्स याच विषयावर बोलले. (योगायोग असा, की या माहितीपटाला पहिला मोठा मान मिळाला तोही २०११ मध्ये काठमांडूच्याच महोत्सवात.) तेव्हा ज्या विषयावर खुद्द बाबासाहेब बौद्ध परिषदेत बोलले, तो विहारात वर्ज्य कसा? शिवाय हा माहितीपट लाल झेंड्याची जाहिरात नाही. ज्या संघटनेसाठी घोगरे गायले तिनेच त्यांना दूर केले होते, हे दुखणे त्यात झाकलेले नाही. डाव्या मंडळींनाही तो पाहताना खाली बघावे लागते.

खाली बघण्याची पाळी आपल्या पुढाऱ्यांवरही येते. १९९७ मध्ये राज्यात शिवसेना-भाजप युतीचे सरकार होते. २०११ मध्ये रामदास आठवले यांचा रिपब्लिकन पक्ष त्याच युतीबरोबर गेला. पडद्यावर ही माणसे एका व्यासपीठावर दिसली की विहारात जी कुजबुज सुरू होते ती आम्ही येथे छापू शकत नाही. एक आजी मात्र मोठ्याने म्हणाल्या, “याच्या सभेला आम्ही भाकरी बांधून गेलो होतो रे!” त्यावर कोणी हसले नाही.

आणखी एक आक्षेप तरुणांकडून येतो, की आपली कथा दुसऱ्याने का सांगावी? पटवर्धन आपल्यातले नाहीत, कॅमेरा त्यांचा, कोणते चित्र ठेवायचे अन् कोणते गाळायचे ही निवडही त्यांची. आक्षेप रास्त आहे. त्याचे उत्तर मात्र हा माहितीपट न पाहणे हे नव्हे. सोमनाथ वाघमारे यांनी भीमा कोरेगाववर आणि चैत्यभूमीवर माहितीपट केले, ज्योती निशा यांनी बाबासाहेबांवर केला, तमिळनाडूत दिव्या भारती यांनी हाताने मैला उपसणाऱ्यांवर ‘कक्कूस’ केला. ही मुले-मुली तक्रार करत बसली नाहीत. महिला मंडळाने वर्षाला असा एक माहितीपट दाखवायचे ठरवले तर वादच मिटेल.

राहिला मुलांचा प्रश्न, आणि आमच्या मते खरा प्रश्न तोच आहे. पाच-सहा वर्षांच्या लेकरांना तीन तास बसवू नये; त्यांना गाणी ऐकवावीत आणि मग बालसंस्कार वर्गाच्या ताईंनी दुसऱ्या खोलीत न्यावे. दहा-बारा वर्षांच्या पुढची मुले मात्र आईबापांच्या शेजारी बसून पाहू शकतात. ती याहून भयंकर गोष्टी रोज मोबाईलवर एकटीच पाहतात, आणि तेथे समजावून सांगायला कोणी शेजारी नसते. एका चौकात सातवीतल्या मुलाने आईला विचारले, “त्या शाहिरांनी असं का केलं?” आईला उत्तर सुचेना. हा प्रश्न तुमच्याकडेही येईल म्हणून आधीच सांगतो. घोगरे यांच्या मरणाची थोरवी गाऊ नका. ते थकले होते, एकटे पडले होते, आणि त्या दिवसांत त्यांच्याजवळ कोणी बसायला हवे होते, असे मुलांना सरळ सांगा. त्यांची गाणी मोठी होती, तीच सांगत राहा. ज्या घरात कोणी असे गप्प गप्प असेल त्या घरी मंडळाच्या दोघी-तिघींनी चहाच्या निमित्ताने जावे.

यंदा हा माहितीपट दाखवण्याला आणखी एक कारण आहे. रमाबाई नगरच्या पुनर्विकासाचे काम हाती घेण्यात आले आहे. जुन्या गल्ल्या जाऊन तेथे इमारती उभ्या राहतील, आणि पक्के घर कोणाला नको आहे? पण कोण कोठे पडला हे दाखवणारे दार, ओटा, गल्लीचे तोंड आता पडद्यावरच उरणार. नगरातली वडीलधारी माणसे भाड्याच्या घरांत पांगतील. त्यांच्यापैकी कोणी जवळपास राहत असतील तर त्यांना आवर्जून बोलवा, पुढच्या खुर्चीवर बसवा. बोलायचा आग्रह मात्र करू नका.

शेवटी थोडे व्यवहाराचे. बुद्धवंदना आधी घ्यावी, भाषणे मुळीच ठेवू नयेत. दीड तासाने मध्यंतर ठेवून पाणी, चहा द्यावा. बायका खरे बोलतात ते नंतर, कप विसळताना. तेव्हा चर्चा माइकवर संपवून दिवे घालवण्याची घाई नको. आणि कार्यक्रम रात्री आठला ठेवू नका, सायंकाळी पाचला सुरू करा. सफाईच्या पहिल्या पाळीला जाणाऱ्यांना पहाटे चारला उठावे लागते, आणि माहितीपटात जी माणसे कचरा उचलताना दिसतात ती हीच आहेत.