माघार एकट्या ख्रुश्चेव्हची नव्हती

ऑक्टोबर १९६२ मध्ये केनेडी ठाम राहिले, अमेरिकेने क्युबाची नाकेबंदी केली आणि ख्रुश्चेव्हनी शेपूट घातलं, ही गोष्ट आपल्याकडचे सामरिक तज्ज्ञही मोठ्या हौसेने सांगतात. शत्रूला दम भरा, तो नमतो, हा तिचा मथितार्थ.

नाकेबंदी वाया गेली असं कोणी म्हणणार नाही. २२ ऑक्टोबरला ती जाहीर झाली आणि क्षेपणास्त्रं घेऊन निघालेली सोव्हिएत जहाजं वाटेतूनच परतली. पण बेटावर आधीच पोचलेल्या क्षेपणास्त्रांचं काय? ती समुद्र अडवून हलणार नव्हती. २७ तारखेला तर मॉस्कोची परवानगी न घेताच क्युबावर अमेरिकेचं यू-२ विमान पाडलं गेलं. लगाम दोघांच्याही हातून सुटत होता.

त्याच संध्याकाळी वॉशिंग्टनमध्ये अध्यक्षांचे बंधू रॉबर्ट केनेडी यांनी सोव्हिएत राजदूत दोब्रिनिन यांना आपल्या कचेरीत बोलावलं. क्युबावर हल्ला करणार नाही, हे वचन चारचौघांत सांगण्याजोगं होतं. दुसरं तोंडीच दिलं: तुर्कस्तानातली आमची ‘ज्युपिटर’ क्षेपणास्त्रं काही महिन्यांत काढू, पण वाच्यता नको. दुसऱ्याच दिवशी ख्रुश्चेव्हनी माघार जाहीर केली. पुढे त्यांनी हा सौदा पत्रात लिहून पाठवला, तेव्हा रॉबर्टनी ते पत्र दोब्रिनिन यांना परत केलं. असा कागद उद्या बाहेर आला तर आपल्या राजकीय भवितव्याला धक्का बसेल, असं ते म्हणाल्याचं दोब्रिनिन यांनी नोंदवलं आहे. कणखरपणा म्हणतात तो हाच असावा! एप्रिल १९६३ पर्यंत तुर्कस्तानातली पंधराही ज्युपिटर उतरवली गेली.

ज्युपिटर जुनाटच होती, त्यात गमावलं काय, असा बचाव केला जातो. मग लपवालपवी कशाला? अशीच अदलाबदल सुचवणारे संयुक्त राष्ट्रांतले अमेरिकी राजदूत ॲडलाय स्टीव्हन्सन यांच्यावर त्याच डिसेंबरात ‘सॅटर्डे इव्हनिंग पोस्ट’मधून लोटांगणाचा शिक्का मारला गेला. उपाध्यक्ष जॉन्सन यांनाही सौदा कळू दिला नाही. दोन वर्षं उलटली नाहीत तोच, दाब वाढवला की हनोई नमेल या हिशेबाने, आता अध्यक्ष झालेले जॉन्सन व्हिएतनामात उतरत गेले. त्या हिशेबात क्युबाच्या अर्धवट गोष्टीचा वाटा होता, असं माझं मत आहे.

रॉबर्ट केनेडींच्या मृत्यूनंतर छापलेल्या त्यांच्या आठवणींतून या सौद्याचा स्पष्ट उल्लेख आपणच वगळला, हे संपादक थिओडोर सोरेन्सन यांनी १९८९ मध्ये मॉस्कोत कबूल केलं. तेव्हा ताकदीचा दाखला म्हणून कोणी क्युबा पुढे केला, तर त्याला तुर्कस्तानबद्दल जरूर विचारा.