झाडछाटणीची लिफ्ट : विकत की भाड्यानं?

शिरपूर-मेडशीकडं बांधावरची चिंच छाटायची म्हणजे दोर, कुऱ्हाड आणि वर चढणारा माणूस. फांदी मोडली तर घर उघड्यावर येतं. म्हणून साखळीपट्ट्यावर चालणारी लिफ्ट घ्यावी काय, असं झाडाचे ठेकेदार विचारतात. यंत्र चांगलं, पण आधी हिशेब करावा.

समजा, लिफ्ट ३० लाखांची. दहा वर्षांनी मोडीत ३ लाख आले तर वर्षाचा घसारा २ लाख ७० हजार. सरासरी साडेसोळा लाखांवर १२ टक्के व्याज १ लाख ९८ हजार. म्हणजे उभ्या यंत्राचाच खर्च ४ लाख ६८ हजार! वर्षात ६० दिवस काम मिळालं तर रोजचे ७,८०० रुपये, १५० दिवस मिळालं तर ३,१२०. डिझेल, चालक, दुरुस्ती, वाहतूक वेगळी.

आपल्या काळ्या रानात पावसाळ्यात टेकूचे पाय रुततात, तेवढे महिने काम बंद. चिंच, आंबा तोडायला १९६४ च्या कायद्यानं परवानगी लागते, त्यात दिवस जातात. संत्र्याची सल काढायला तर शिडी पुरते.

तेव्हा एक हंगाम भाड्यानं आणून कामाचे दिवस वहीत मांडा. भाडं रोजच्या खर्चापेक्षा जास्त पडू लागलं, तरच चार-पाच जणांनी मिळून घ्यावी. तोवर कमरेला पट्टा बांधूनच चढा आणि तारेजवळ महावितरणकडून वीज बंद करून घेतल्याशिवाय फांदीला हात लावू नका.