चिखलातील पाय आणि गमबुटाची निवड

मृगाच्या सरी कोसळून ओढे वाहू लागले, की कोकणातील खेड्यांत रात्री दिवे हलताना दिसू लागतात. चढणीचे मासे व बिळांबाहेर आलेल्या कुर्ल्या पकडण्यासाठी माणसे ओढ्याकाठाने आणि खाचरांच्या बांधांवरून हिंडत असतात. पूर्वी हाती पेटती चूड असे, आता विजेरी असते. डोक्यावर खोळ असते, कमरेला कोयती असते. पाय मात्र बहुधा उघडेच असतात. हीच माणसे दुसऱ्या दिवशी त्याच उघड्या पायांनी चिखलणीला उतरतात.

बेडूक व उंदीर यांच्या मागावर नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चारही विषारी साप याच वेळी, याच बांधांवर फिरतात. भारतात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८,००० असा संशोधकांचा अंदाज आहे. यांपैकी जवळजवळ निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतील आहेत. दंश बहुतेक वेळा गुडघ्याखालीच होतो. दुसरा धोका डोळ्यांना दिसत नाही. उंदीर, गुरे व कुत्री यांच्या मूत्रातून लेप्टोस्पायरा नावाचे जंतू साचलेल्या पाण्यात मिसळतात आणि पायावरील जखमा, भेगा किंवा चिखल्यांवाटे शरीरात शिरतात.

यावर गमबूट वापरावेत, असा सल्ला सर्वत्र दिला जातो. सल्ला चांगला आहे, पण अर्धवट आहे. बूट घेऊनही शेतकरी तो वळचणीला टाकून ठेवतो, याचे खापर त्याच्या आळसावर फोडणे अन्यायाचे होय. चिखलणी केलेल्या खाचरात नेहमीचा ढगळ गमबूट घालून दहा पावले टाकून पाहावीत. चिखल बुटाला धरून ठेवतो, पाय वर येतो आणि बूट खालीच राहतो. वाकून मागे मागे सरत रोप लावणाऱ्या बाईला तर ते पाऊल उचलणेच अशक्य होते. बुटाच्या काठावरून एकदा पाणी आत गेले, की जड झालेला बूट ओढ्याच्या धारेत पायातील बेडीच ठरतो. म्हणून गुडघ्यापेक्षा खोल वाहत्या पाण्यात गमबूट घालून मुळीच उतरू नये.

गमबुटाची खरी जागा बांधावर, गवतात, गोठ्यात, ओढ्याच्या काठावर आणि मुख्यतः रात्रीच्या वाटेवर आहे. लावणीच्या खाचराला निराळे पादत्राण हवे. जपानमध्ये भातलावणीसाठी पातळ रबराचे, घोट्याशी व पोटरीशी घट्ट बसणारे लांब बूट मिळतात. ते चिखलात निघून येत नाहीत. तशा प्रकारचे बूट भातपट्ट्यातील दुकानांत आणि सहकारी संस्थांत आले पाहिजेत, तेही लहान मापांत. लावणी बहुतांशी स्त्रिया करतात आणि घरात घेतला जाणारा एकुलता एक जोड पुरुषाच्या मापाचा असतो, ही गोष्ट संस्थांच्या चालकांनी ध्यानी घ्यावयास हवी.

बूट घेताना तो सायंकाळी, पाय थोडे सुजलेले असताना, मोजा घालून पाहावा. उकिडवे बसावे व उठावे. टाच आत वरखाली होत असेल तर तो जोड नाकारावा. उंची गुडघ्याच्या जरा खाली येईल इतकी असावी. तळाला खोल खाचा असाव्यात, कारण शेवाळलेल्या कातळावर गुळगुळीत तळवा दगा देतो. पीव्हीसीचा बूट स्वस्त पडतो, पण घडीवर लवकर तडकतो. रबराचा अधिक लवचिक असतो, परंतु ऊन व तेल यांनी खराब होतो. आत जाड कापडी अस्तर असलेला बूट पावसाळ्यात वाळता वाळत नाही. पावसाळी विजार बुटात न खोचता बाहेरून सोडावी, नाहीतर अंगावरचे सारे पाणी आत उतरते.

पोटरीला गोणपाट किंवा कापडाची पट्टी गुंडाळण्याची रीत जुनी आहे. धारदार पात्यांपासून आणि काहीशी जळवांपासून तिने बचाव होतो. सापाच्या दातांपुढे तिचा भरवसा धरू नये. ती आवळून मात्र बांधू नये. पहिल्या महायुद्धात खंदकांतील सैनिकांच्या पोटऱ्यांवरील पट्ट्या भिजून आवळत, रक्ताचा पुरवठा मंदावे आणि गारठ्याने पाय सडण्यास त्याची भर पडे. विलायती लष्कराने त्या पट्ट्यांचे नावही आपल्याच ‘पट्टी’ शब्दावरून घेतले होते.

योग्य बूट मिळेपर्यंत खाचरात अनवाणी उतरणे टळत नसेल, तर जखमेवर पाणी न शिरणारी पट्टी लावावी. काम संपताच पाय साबणाने धुवून बोटांच्या बेचक्या कोरड्या कराव्यात व भेगांना कोकमतेल लावावे. पुढील महिनाभरात ताप आला, तर आपण चिखलात काम केले होते हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. प्रतिबंधक गोळ्या आरोग्य केंद्राच्या सल्ल्यानेच घ्याव्यात. बूट असूनही साप चावलाच, तर पाय न हलवता, न आवळता, न कापता रुग्णाला तत्काळ दवाखान्यात न्यावे.

रात्री परतल्यावर बूट धुवून खुंटीवर उलटे टांगावेत. चुलीजवळ ठेवू नयेत. पायात घालण्यापूर्वी ते उलटे करून आपटावेत, कारण अंधाऱ्या, कोरड्या बुटात विंचू आणि फुरसे दोन्ही आसरा घेतात. भोक पडले आहे की काय, हे बुटात पाणी भरून वैशाखातच पाहून घ्यावे, म्हणजे रोहिणीच्या आत नवा जोड आणावयास सवड राहते.